पुणे–दिल्ली मार्गावरचा विसावा: उदयपूरऐवजी डुंगरपूर का सुचवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून स्वतःच्या गाडीने दिल्लीमार्गे डेहराडूनला जायचे आहे. गाडी चालवणारे पती-पत्नी दोघे असून सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि शाळकरी वयाची दोन मुले आहेत. वाटेत तलावाकाठच्या एखाद्या गावात निवांत थांबून मग पुढे जावे असा विचार आहे, आणि उदयपूरचे नाव घरात जवळजवळ ठरल्यासारखे आहे. मात्र तिथे एका रात्रीत खरोखर विश्रांती होईल का, आणि इतक्या गर्दीच्या शहरात वयस्कर माणसांना स्वस्थता लाभेल का, अशी शंका विचारली आहे. स्वतःच्या गाडीने लांब जाणाऱ्या कुटुंबांच्या प्रवासाची आखणी करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. माझे उत्तर असे की उदयपूरच्या शंभरएक किलोमीटर अलीकडे डुंगरपूर नावाचे जिल्ह्याचे ठिकाण आहे, तिथे थांबावे, आणि एक नव्हे, दोन रात्री थांबावे.

आधी दोन रात्रींविषयी सांगतो, कारण बहुतेक बेत इथेच फसतात. ‘रात्री नऊला पोहोचू, झोपू, सकाळी तलाव पाहू आणि दहाला निघू’ हा मुक्काम झाला, विसावा नव्हे. नव्या जागी पहिल्या रात्रीची झोप उथळ लागते, हे झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. झोपेच्या प्रयोगशाळांत पहिल्या रात्रीच्या नोंदी कित्येकदा हिशेबात धरत नाहीत त्या याच कारणाने. त्यातून दिवसभर गाडीत बसून अंग आंबलेले असते, डोळे मिटले तरी रस्ता पळतच असतो, आणि सकाळी निघायचे आहे हे मनात असल्यामुळे सामानही धड सोडले जात नाही. खरी झोप लागते ती दुसऱ्या रात्री, गाडीची किल्ली दिवसभर खिशाबाहेर राहिल्यानंतर. म्हणून मी लोकांना सांगतो की मधल्या एका ठिकाणी दोन रात्री थांबण्यासाठी दिवस उरत नसेल, तर शेवटच्या ठिकाणचा एक दिवस कमी करावा.

दुसरी गोष्ट म्हणजे विसाव्याचे गाव आधी ठरवावे, थकल्यावर शोधू नये. थकवा चालवणाऱ्याला सर्वांत उशिरा कळतो. शेजारी बसलेल्याला तो आधी दिसतो. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते असे प्रयोगांत आढळले आहे, आणि आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्केच आहे. मुंबईची कोंडी टाळायची म्हणून पहाटे दोनला उठून तीनला पुणे सोडणारा माणूस संध्याकाळी सात वाजता, अहमदाबादच्या पुढे कुठेतरी अंधारात, नेमका या स्थितीत असतो आणि ‘आणखी दोन तास सहज मारू’ असे म्हणत असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते; चार सेकंदांची डुलकी लागली तर शंभर मीटरहून अधिक अंतर ती कोणीही चालवत नसताना कापते. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे या उपायांनी काही मिनिटे बरे वाटते, एवढेच. त्यातल्या त्यात कामाचा उपाय म्हणजे सुरक्षित जागी गाडी लावून कपभर कॉफी प्यावी आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटावेत, कारण कॉफीचा परिणाम सुरू व्हायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. पण हा उपाय त्या दिवसाचा मुक्काम गाठण्यापुरता आहे, मुक्काम पुढे ढकलण्यासाठी नाही.

व्यावसायिक चालकांसाठीचे नियम कुटुंबांनीही डोळ्यांसमोर ठेवावेत असे मला वाटते. आपल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबणे बंधनकारक आहे. हे रोज गाडी चालवून सरावलेल्या माणसांसाठीचे नियम आहेत. एरवी आठवडाभर घर ते कार्यालय एवढीच गाडी चालवणाऱ्याने दिवसाला सहा-सात तासांवर जाऊ नये, आणि आई-वडील सोबत असतील तर दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटे चालावेच. वयस्कर माणसे स्वच्छतागृहाच्या काळजीने पाणी कमी पितात, पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसतात आणि मग संध्याकाळी घोटे सुजतात. त्यांना उतरायला लावण्याची जबाबदारी मुलांवर सोपवली की ती चोख पार पडते.

आता मार्गाचा हिशेब. पुण्याहून द्रुतगती मार्गाने पनवेल, पुढे ठाणे, घोडबंदर आणि मग राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून मनोर, वापी, सुरत, भरूच असे करत वडोदऱ्यापर्यंत सुमारे ५५० किलोमीटर होतात. हा पहिला दिवस पुरेसा आहे. घोडबंदरला अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल, पण घर पहाटे पाचच्या आधी सोडू नये. भरूचला चहाला थांबाल तेव्हा खारे शेंगदाणे घ्यावेत, तिथली ती खासियत आहे आणि मुलांच्या हातात वेफर्सच्या पुडीपेक्षा बरी. दुसऱ्या दिवशी वडोदरा ते अहमदाबाद हा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग, मग अहमदाबाद शहरात न शिरता सरदार पटेल रिंग रोडने पूर्वेकडून वळसा घालून चिलोडा, प्रांतिज, हिम्मतनगर, शामळाजी. हिम्मतनगर-शामळाजी भागात रस्ता सहा पदरी करण्याचे काम बराच काळ रेंगाळले, त्यामुळे या टप्प्याला नकाशा दाखवतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ धरावा. शामळाजीनंतर अरवलीच्या टेकड्या सुरू होतात, रतनपूरला राज्याची हद्द लागते, आणि थोडे पुढे बिछिवाडा आले की महामार्ग सोडून उजवीकडे सुमारे २५ किलोमीटरवर डुंगरपूर आहे. वडोदऱ्याहून हा पल्ला तीनशे किलोमीटरच्या आतबाहेरचा आहे. सकाळी साडेसातला निघालात तर मधल्या थांब्यांसह दुपारी दोन-अडीचपर्यंत खोलीत पाठ टेकता येते.

ही दुपारची वेळ मी जाणीवपूर्वक सांगतो आहे. जेवणानंतर दोन ते चारच्या सुमारास शरीर आपोआप सुस्तावते आणि पहाटे दोन ते पाच ही वेळ सोडली तर झोपेचा जोर सर्वांत जास्त असतो तो याच वेळी. अशा वेळी गाडी उभी असणे हेच उत्तम. दुसरे कारण रस्त्याचे आहे. महामार्गावर ऋषभदेवच्या बाजूने हिरव्या संगमरवराचे ठोकळे वाहणारे ट्रक मोठ्या संख्येने असतात, काहींचे मागचे दिवे लागत नाहीत, आणि बिछिवाड्याहून आत जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी गुरे घराकडे परतत असतात. अंधार पडल्यावर हा भाग अनोळखी माणसाने चालवू नये.

डेहराडूनपर्यंतचा एकूण पल्ला १८०० किलोमीटरहून अधिक आहे, त्यात डुंगरपूर निम्म्याच्या थोडे अलीकडे पडते, आणि लांबच्या प्रवासात मोठा विसावा मध्याच्या अलीकडेच असावा. दोन दिवसांचा शीण अंगात मुरण्यापूर्वी तो निघून जातो, आणि गाडीत काही कुरकुर सुरू झाली असेल तर परत फिरणे किंवा दुरुस्ती करून घेणे अजून हातात असते.

मग उदयपूर का नको? उदयपूर सुंदर आहे यात वाद नाही. पिछोला तलावाचा इतिहास चौदाव्या शतकापर्यंत मागे जातो, जगदीश मंदिर १६५१ चे आहे, आणि घाटावरून दिसणारे महाल पाहायला जगभरातून माणसे येतात. अडचण तीच आहे. पिछोल्याच्या काठच्या ज्या खोल्या छायाचित्रांत दिसतात त्या जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत आहेत. मोठी गाडी तिथपर्यंत जात नाही किंवा गेली तर वळत नाही, ती लांब कुठेतरी लावून सामानासह रिक्षा करावी लागते, आणि जुन्या हवेल्यांच्या उंच, अरुंद पायऱ्या सत्तरीतल्या गुडघ्यांना मानवत नाहीत. गच्चीवरची उपाहारगृहे रात्री उशिरापर्यंत सुरू असतात, लग्नसराईत वरातींचे ढोल असतात. मुख्य म्हणजे उदयपूरला गेल्यावर ‘आलोच आहोत तर’ हा शब्द घरातले कोणीतरी उच्चारतेच, आणि मग राजवाडा, सहेलियों की बाडी, नौकाविहार, बाजार अशी यादी सुरू होते व विसाव्याचा दिवस सर्वांत दमवणारा ठरतो. उदयपूर पाहायचे तर तीन दिवस काढून, वेगळ्या सुट्टीत पाहावे. त्यातूनही तिथेच थांबायचे असेल तर पिछोल्याऐवजी फतेहसागरच्या बाजूला खोली घ्यावी. तिथले रस्ते रुंद आहेत, गाडी दाराशी लागते आणि तलावाच्या कडेने सपाट रस्त्यावर फिरता येते.

उदयपूरच्या पुढे आणखी दोन नावे सुचवली जातात. एक कांकरोली, म्हणजे राजसमंद. महाराणा राजसिंहांनी १६६२ ते १६७६ या काळात बांधलेल्या या तलावाचा नौचौकी घाट पांढऱ्या संगमरवराचा आहे, त्यावरचे कोरीवकाम बारकाईने पाहण्यासारखे आहे, आणि राजप्रशस्ती नावाचे संस्कृत काव्य तिथे २५ शिळांवर कोरलेले आहे. तलावाला लागूनच द्वारकाधीशांचे मंदिर आहे. तुमच्या आई-वडिलांना वैष्णव मंदिरांची ओढ असेल तर हे ठिकाण त्यांना डुंगरपूरपेक्षाही आवडेल. पण जवळच नाथद्वारा असल्याने शनिवार-रविवार, जन्माष्टमी, दिवाळी-अन्नकूट या दिवसांत गुजरातमधून येणाऱ्या भाविकांनी खोल्या भरून जातात, आणि वडोदऱ्याहून एका दिवसात गाठायला ते जरा लांब आहे. दुसरे पुष्कर. पुष्करविषयी फार लिहीत नाही: तलाव पवित्र, गाव शाकाहारी आणि एरवी रमणीय, पण घाटावर पाय ठेवताच हातात फुले देऊन पूजेचा आग्रह धरणारी माणसे भेटतात, आणि दमून आलेल्या माणसाला नको म्हणण्याचेही श्रम होतात.

डुंगरपूरची गोष्ट वेगळी आहे, कारण ते पर्यटकांवर जगणारे गाव नाही. ते वागड प्रदेशातले जिल्ह्याचे ठिकाण आहे. कचेऱ्या, शाळा, बाजार, आसपासच्या पाड्यांवरून खरेदीला येणारी भिल्ल कुटुंबे, असा त्याचा रोजचा व्यवहार आहे, आणि गैबसागर तलाव, ज्याला तिथले लोक गेपसागर म्हणतात, तो या व्यवहाराच्या अगदी शेजारी आहे. हा तलाव पंधराव्या शतकात महारावळ गोपीनाथांनी बांधवून घेतला. काठावर श्रीनाथजींचे मंदिर आहे, बादल महाल आहे, आणि पलीकडच्या तीरावर उदयबिलास राजवाडा आहे, ज्याच्या एका भागात आता हेरिटेज हॉटेल चालते. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर गावातली माणसे फिरायला येतात. शाळेतून सुटलेली मुले, कचेरीतून परतणारे लोक, देवळात जाणाऱ्या बायका, असा तो घोळका असतो. पर्यटक म्हणून तुमच्याकडे कोणी वळून पाहत नाही, आणि पाहिलेच तर गाडीच्या पाटीवरचे एमएच वाचून कुठून आलात एवढे विचारतात. पावसाळ्यानंतर मक्याची कणसे भाजणारे असतात, कारण मका हे या भागाचे मुख्य पीक आहे. वागडी बोली गुजरातीला जवळची असल्याने मुंबईत राहिलेल्या आई-वडिलांना मोडके गुजराती येत असेल तर त्यांच्या गप्पा लगेच जमतात.

गावाच्या स्वागतशीलतेची माझी व्याख्या एवढीच आहे की तिथल्या माणसांना तुमच्याकडून फारसे काही नको असते आणि तरी ती तुमची सोय पाहतात. ही सोय खोली घेण्यापूर्वी दूरध्वनीवरच तपासता येते. संकेतस्थळावर नोंदणी करण्याआधी थेट फोन करावा आणि चार साध्या गोष्टी विचाराव्यात: तळमजल्यावर खोली मिळेल का, नसल्यास उद्वाहन आहे का, गाडी कुंपणाच्या आत लागते का आणि फाटकातून मोठी गाडी जाते का, गरम पाणी किती वाजेपर्यंत असते, आणि कमी तेल-तिखटाची खिचडी-कढी सांगितली तर करून मिळेल का. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत ऐकावी. ‘सब मिल जाएगा’ असे एका दमात सांगणाऱ्यापेक्षा ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणणारा आणि खरोखर परत फोन करणारा माणूस भरवशाचा. न्हाणीघरात पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आहे का आणि पाय घसरणारी फरशी तर नाही ना, हेही विचारावे. लोक विचारायला संकोचतात आणि मग आई-वडील दोन दिवस अवघडून राहतात. तलावाजवळ खोली असेल तर खिडकीला डासांची जाळी असणे अनिवार्य समजावे.

विसाव्याच्या दिवशी काय करावे, याचे प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही करू नये’ हे आहे. उशिरा उठावे, पोहे किंवा कचोरी खावी, तलावाच्या कडेने एक फेरी मारावी. नंतर जुना महाल पाहता येईल. तेराव्या शतकात सुरू झालेली ही सात मजली वास्तू बाहेरून गढीसारखी ओबडधोबड, रंग उडालेली दिसते आणि त्यामुळे अनेकजण दारातूनच परत फिरतात. पण आत शिरल्यावर भिंतीच नव्हे तर छतही चित्रांनी, आरशांच्या आणि रंगीत काचांच्या कामाने भरलेले आहे. राजस्थानातल्या गाजलेल्या महालांमध्ये दोरीच्या पलीकडून जे पाहावे लागते ते इथे हातभर अंतरावरून, गर्दीशिवाय पाहता येते, आणि मला स्वतःला हे काम उदयपूरच्या राजवाड्याइतकेच मोलाचे वाटते. प्रवेशाची वेळ व तिकीट कुठे मिळते हे आदल्या दिवशी खोलीवरच्या माणसाकडून पक्के करून घ्यावे. जिने मात्र उंच आणि काळोखे आहेत, तेव्हा आई-वडिलांना खालचे दालन दाखवून बसवावे आणि मुलांना घेऊन वर जावे.

मुलांना दाखवण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे पारेवा दगड. निळसर-राखाडी छटेचा हा मऊ दगड या भागात निघतो. उदयबिलास राजवाडा त्याच दगडात उभा आहे आणि स्थानिक मूर्तिकार त्यातून देवांच्या मूर्ती घडवतात. कोरून झालेल्या मूर्तीला तेल चोळले की राखाडी दगड बघता बघता काळाभोर होतो. मूर्तिकाराने परवानगी दिली तर मुलांना हे करून पाहू द्यावे; आजोबांनाही हे पाहायला आवडते असा अनुभव आहे. क्रिकेटची आवड असलेल्या वडिलांना हे गाव दुसऱ्याच कारणाने ओळखीचे वाटेल: मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळणारे, आणि १९८९ मध्ये सचिन तेंडुलकरची भारतीय संघात निवड झाली तेव्हा निवड समितीचे प्रमुख असलेले राजसिंग डुंगरपूर इथल्याच राजघराण्यातले. दुपारनंतर कोणाला अगदीच स्वस्थ बसवत नसेल तर सुमारे २५ किलोमीटरवर सोम नदीकाठी देव सोमनाथाचे बाराव्या शतकातले मंदिर आहे. चुना न वापरता दगडावर दगड रचून उभे केलेले हे तीन मजली मंदिर एकांतात आहे. पण त्यासाठी स्थानिक टॅक्सी करावी. चालकांची सुट्टी म्हणजे सुट्टी.

आई-वडिलांच्या औषधांविषयी एक काळजी घ्यावी. मधुमेहाचे इन्सुलिन दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नये, ते तापून निकामी होते. खोलीत शिरताच पहिले काम म्हणून ते शीतकपाटात ठेवावे. जेवणाच्या वेळा दोन दिवस ढळलेल्या असतात, त्या या दिवशी घरच्यासारख्या पाळल्या की साखर आणि पोट दोन्ही ठिकाणावर येतात. जिल्ह्याचे ठिकाण निवडण्यामागे माझा हाही हेतू असतो: डुंगरपुरात जिल्हा रुग्णालय आणि २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा रात्री-बेरात्री गरज पडली तर आडगावात अडकून पडल्यासारखे होत नाही. रेल्वेमार्गाचे रुंदीकरण होऊन २०२२ पासून अहमदाबादच्या असारव्याहून डुंगरपूरमार्गे उदयपूरला गाड्या धावतात, त्यामुळे कोणाला मधूनच परतायचे झाले तर तोही मार्ग मोकळा आहे. आई-वडिलांना पहिले दोन दिवस गाडीत बसवणे जिवावर येत असेल तर ते मुंबईहून विमानाने उदयपूरच्या डबोक विमानतळावर उतरू शकतात आणि तिथून टॅक्सीने डुंगरपूरला येऊन तुम्हाला मिळू शकतात. काही कुटुंबांना मी हे आग्रहाने सुचवतो.

गाडीचीही तपासणी याच दिवशी, सकाळी, ती रात्रभर थंड झाल्यावर करावी. चाकांतील हवा थंड असतानाच मोजायची असते. सातशे-आठशे किलोमीटर धावून आलेल्या गरम चाकांचा आकडा फसवा असतो, आणि तो जास्त दिसतो म्हणून हवा कमी करणे ही चूक फार जण करतात. स्टेपनीतली हवाही पाहावी, कारण ती गरज पडेपर्यंत कोणी पाहत नाही. शीतक (कूलंट) आणि इंजिन तेलाची पातळी, चाकांच्या बाजूला शिरलेला खिळा, काचेवर चिकटलेले किडे, एवढे पाहिले तरी पुरते. चाकांत किंवा ब्रेकमध्ये काही आवाज जाणवला असेल तर बाजारातल्या गॅरेजमध्ये दाखवावा; मोठे काम निघाले तर तीन-साडेतीन तासांवर अहमदाबाद आणि दोन-अडीच तासांवर उदयपूर आहे.

ऋतूबद्दल सांगायचे तर ऑगस्टअखेर ते मार्च हा काळ चांगला. पावसाळ्याच्या शेवटी टेकड्या हिरव्या आणि तलाव भरलेला असतो, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. मे महिन्याच्या सुट्टीत निघणार असाल तर पाणी खाली गेलेले असेल आणि दुपारी ऊन असह्य होईल, हे गृहीत धरून वातानुकूलित खोलीच घ्यावी. माघ पौर्णिमेच्या सुमारास सोम, माही आणि जाखम या नद्यांच्या संगमावर बेणेश्वरची मोठी जत्रा भरते. हा संगम डुंगरपूर जिल्ह्यातच असल्याने त्या दिवसांत खोल्या आधी ठरवल्याशिवाय येऊ नये. जत्रा पाहण्याजोगी आहे, पण विसाव्यासाठी तो आठवडा नव्हे. आणि एक खबरदारी: येताना-जाताना दोन्ही वेळा गुजरात ओलांडायचा आहे, तिथे दारूबंदी आहे, आणि हद्दीवर, विशेषतः परतताना रतनपूर-शामळाजीच्या बाजूला, गाड्या तपासल्या जातात. राजस्थानातून कोणासाठी भेट म्हणूनही बाटली आणू नये.

दिल्ली-मुंबईचा नवा द्रुतगती मार्ग रतलाम, कोट्याच्या बाजूने जातो, त्यामुळे डुंगरपूर आणि उदयपूर दोन्ही त्याच्या वाटेवर येत नाहीत. त्या मार्गाने जाणार असाल तर हे उत्तर लागू नाही. वेळ वाचेल, पण असा थांबा शोधायला आडवाटेला बरेच आत जावे लागेल. तुमच्यासारख्या, घाई नसलेल्या आणि दोन पिढ्या सोबत असलेल्या कुटुंबासाठी मी अजून तरी जुना मार्गच सुचवेन.

चौथ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला डुंगरपूर सोडावे. बिछिवाड्याला परत न जाता खेरवाड्याकडे निघणारा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण तो धरण्याआधी त्याची सध्याची अवस्था गावात विचारावी; शंका असेल तर महामार्गच बरा. उदयपूरच्या अलीकडे काया इथे बाह्यवळण रस्ता लागतो, तो धरून देबारीला निघालात की शहरात शिरावे लागत नाही. तिथून चितोडगड, भीलवाडा करत किशनगडपर्यंत एकूण चारशे-सव्वाचारशे किलोमीटर होतात. रस्ता मोठा आणि सरळ आहे, संगमरवराच्या ट्रकांपासून तेवढे अंतर राखावे. रात्र किशनगडला काढावी. पाचव्या दिवशी जयपूरचे बाह्यवळण सकाळच्या गर्दीआधी पार झाले तर दुपारी जेवायला दिल्लीत पोहोचता, आणि डेहराडूनचा शेवटचा टप्पा सहाव्या दिवशी ताज्या अंगाने करता येतो. दोन्ही चालकांनी या टप्प्यांत दोन-दोन तासांनी आळीपाळीने बसावे, आणि कोणाची पाळी कधी हे रात्रीच ठरवून ठेवावे.